तेलात तेल, मग जोडी जुळते कशी?

सोलापुरात बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला लिहिलं आहे. तिचा प्रश्न थोडक्यात असा: "मॅडम, पाण्यातली प्रथिनं जोडीने का राहतात ते समजतं. त्यांना आपला तेलकट भाग पाण्यापासून लपवायचा असतो. पण पेशीपटलातलं, पदार्थ आत-बाहेर नेणारं ट्रान्सपोर्टर प्रथिन आधीच पटलाच्या तेलकट रेणूंत, म्हणजे लिपिडमध्ये, बुडालेलं असतं. त्याला लपायचंय कुणापासून? मग ते डायमर, म्हणजे दोन घटकांची जोडी, का बनवतं? आणि प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या माझ्या जेलवर डायमरचा बँड दिसतोय, तेवढ्यावर पटलातही ते डायमरच असतं असं मी प्रबंधात लिहू का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: लिहू नकोस. का ते खाली येईलच. पण तुझा पहिला प्रश्न मला फार आवडला. पटलातल्या प्रथिनांवर माझी बावीस वर्षं गेली आणि त्यातली पहिली कित्येक वर्षं आम्ही सगळे दोन प्रथिनांच्या मधल्या फटीतच उत्तर शोधत होतो. कुठलं अमिनो आम्ल कुठल्या अमिनो आम्लाला टेकलंय, कुठे हायड्रोजन बंध आहे, एवढंच बघायचो. उत्तराचा मोठा भाग फटीत नव्हता, भोवतालच्या लिपिडमध्ये होता. मला जे सांगायचंय ते हेच, पण त्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

आधी पाण्याची गोष्ट. आमटीवर तेलाचे बारीक डोळे तरंगत असतात आणि चमचा न लावताही ते हळूहळू एकमेकांत मिसळतात. तेलाला तेलाची ओढ असते म्हणून हे होत नाही. प्रत्येक थेंबाच्या कडेला पाण्याच्या रेणूंना अवघडून उभं राहावं लागतं, कारण तेलाशी त्यांना हायड्रोजन बंध जुळवता येत नाहीत. दोन थेंबांचा एक झाला की कडा कमी होते आणि अवघडलेलं थोडं पाणी मोकळं होतं. पाण्यातली बरीचशी प्रथिनं जोडीने राहतात ती याच कारणाने. म्हणजे इथेसुद्धा जोर थेंबांचा नसतो, भोवतालच्या पाण्याचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेव.

आता पटलाकडे. लिपिडचा थर दुहेरी असतो हे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतलं लिपिड पाण्यावर पसरून, त्याचं क्षेत्रफळ मोजून सांगितलं. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी या थरात प्रथिनं तरंगत असल्याचं चित्र मांडलं. ते तुझ्या पाठ्यपुस्तकात आहेच. १९९० मध्ये पोपो आणि एंगलमन यांनी आणखी एक पायरी स्पष्ट केली: आधी प्रथिनाचं प्रत्येक हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखा वळलेला तुकडा, पटलात उभं राहतं, आणि मग ही उभी हेलिक्स एकमेकांशेजारी येऊन जुळतात. पहिल्या पायरीचं कारण पाणी. दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी बाजूला पडलेलं असतं. तुझा प्रश्न नेमका या दुसऱ्या पायरीवर बोट ठेवतो.

इथे हिशेब नीट मांडायला हवा. दोन प्रथिनं जवळ आली, त्यांचे पृष्ठभाग एकमेकांत छान बसले, व्हॅन डर वाल्स आकर्षण मिळालं, हे खरं. पण जवळ येण्याआधी तेच पृष्ठभाग लिपिडच्या साखळ्यांना टेकलेले होते आणि तिथेही आकर्षण होतंच. प्रथिन-प्रथिन संपर्क मिळवताना प्रथिन-लिपिड संपर्क गमावला, आणि सुटलेल्या लिपिडांना आपसातला संपर्क मिळाला. जमा आणि खर्च दोन्ही लिहिले तर नुसत्या 'चिकटण्या'तून फारसं काही उरेल असं वाटत नाही. अनेक लेखांत फक्त जमेची बाजू मांडलेली असते. इंटरफेसचं, म्हणजे दोन घटक जिथे टेकतात त्या पृष्ठभागाचं, क्षेत्रफळ देतात, तिथली अमिनो आम्लं मोजतात आणि थांबतात. हे प्रथिन सुटं असताना त्याच्याभोवती काय चाललं होतं, हे कुणी विचारत नाही.

ते विचारण्यासाठी एक प्रथिन फार उपयोगी पडलं आहे: क्लोराइड वाहणाऱ्या प्रथिनांच्या सीएलसी कुटुंबातलं, ई. कोलाय जिवाणूतलं सीएलसी-ईसी१. त्याची कुळकथा सांगते, कारण प्रत्येक टप्प्यावर या जोडीबद्दल काहीतरी कळत गेलं.

टॉर्पेडो नावाचा, विजेचा झटका देणारा एक मासा आहे. त्याच्या वीज-अवयवातली क्लोराइडची वाहिनी ख्रिस्तोफर मिलर यांनी कृत्रिम लिपिड पटलात बसवून तपासली. विजेची नोंद बघितली तर एका वाहिनीला दोन सारखी, आपापली उघडझाप करणारी छिद्रं दिसत होती. म्हणून तिला दुनळी बंदुकीची उपमा मिळाली. १९९० मध्ये येन्च यांच्या गटाने तिचं जनुक वेगळं केलं. २००२ मध्ये डुट्झलर आणि मॅकिनन यांनी जिवाणूतल्या भावंडांची क्ष-किरण रचना दिली आणि उपमा शब्दशः खरी ठरली: दोन घटक पाठीला पाठ लावून उभे, प्रत्येकात स्वतःचा पूर्ण मार्ग. २००४ मध्ये अकार्डी आणि मिलर यांनी दाखवलं की जिवाणूतलं हे प्रथिन मुळात वाहिनी नाहीच. ते दोन क्लोराइड एका दिशेला नेतं आणि बदल्यात एक प्रोटॉन उलट दिशेला, म्हणजे तो एक अदलाबदल करणारा ट्रान्सपोर्टर आहे.

मग साहजिक प्रश्न आला: प्रत्येकाचा मार्ग स्वतंत्र असेल तर जोडी हवी कशाला? २०१० मध्ये जॅनिस रॉबर्टसन, मिलर आणि सहकाऱ्यांनी इंटरफेसवरच्या दोन आयसोल्युसिनच्या जागी मोठाड ट्रिप्टोफॅन बसवले. दोन घटकांच्या मध्ये पाचर मारल्यासारखं झालं आणि प्रथिन एकटं राहू लागलं. तरी ते एकटं काम करत होतं; क्लोराइडही नेत होतं, प्रोटॉनही. म्हणजे या प्रथिनाची जोडी वाहतुकीसाठी जुळत नाही. ती कार्यामुळे येत नाही, तर तिची कारणं ऊर्जेत शोधावी लागतील.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर हे सगळं जिवाणूपुरतं आहे असं वाटेल. आपल्या स्नायूंत सीएलसी-१ नावाचं याच कुटुंबातलं प्रथिन असतं. ते बिघडलं की मायोटोनिया कॉन्जेनिटा होतो: मूठ आवळली की पटकन उघडत नाही, बसलेला माणूस एकदम उठायला गेला की पाय ताठरतात. थॉमसेन या डॅनिश डॉक्टरांनी १८७६ मध्ये स्वतःच्या घराण्यातल्या या आजाराचं वर्णन केलं. त्याच्या एका प्रकारात आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरतं. कारण सीएलसी-१ मध्ये दोन्ही घटकांचा मिळून एक सामायिक दरवाजाही असतो. खराब घटक जोडीत शिरला की चांगल्या भावंडालाही बंद पाडतो. जोडी कशी जुळते हे समजून घेणं म्हणूनच नुसतं कुतूहल नाही.

आता मापनाकडे. २०१६ मध्ये रॉबर्टसन यांच्या गटाने खऱ्या लिपिड पटलात सीएलसी-ईसी१च्या मोनोमर (एकटा घटक) आणि डायमर यांच्यातल्या समतोलाची मुक्त ऊर्जा, म्हणजे जोडी किती घट्ट याचं माप, मोजली. पीओपीई आणि पीओपीजी या लिपिडांच्या २:१ मिश्रणात ती उणे १०.९ किलोकॅलरी प्रति मोल आली, संदर्भस्थिती दर लिपिडमागे एक घटक अशी धरून. हा आकडा कोरडा वाटेल, म्हणून त्याचा अर्थ लावून दाखवते. त्यावरून विघटन-स्थिरांक निघतो दहा कोटीत एक. म्हणजे दहा कोटी लिपिडांमागे प्रथिनाचा एकच घटक इतकं विरळ केलं, तरी निम्मे घटक जोडीतच सापडतील. एका लिपिडचं डोकं, म्हणजे साखळ्या जिथे जोडलेल्या असतात तो पाण्याकडचा भाग, साधारण ०.६५ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतं, थर दोन. हिशेब कर: दहा कोटी लिपिडांचं पटल झालं साधारण ३२ चौरस मायक्रोमीटर. ई. कोलायच्या एका पेशीचं क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मायक्रोमीटर धरलं तर पाच जिवाणूंच्या कातडीवर एक घटक! खऱ्या जिवाणूत हे प्रथिन एकटं राहण्याची शक्यता किती कमी, ते यावरून समजेल. आणि एवढं घट्ट बंधन ज्या इंटरफेसमुळे होतं, तो जवळपास सगळा तेलकट आहे.

मग हे बळ येतं कुठून? २०२१ मध्ये रॉबर्टसन आणि फराल्डो-गोमेझ यांच्या गटांनी मिळून याचं जे उत्तर दिलं, ते मला आजवर वाचलेल्यांत सर्वांत पटलेलं आहे. त्यांनी संगणकावर एकट्या मोनोमरला पटलात ठेवून त्याच्याभोवतीचे लिपिड पाहिले. जो भाग एरवी जोडीदाराने झाकलेला असतो, तो उघडा पडला की तिथे पटल पातळ होतं. लिपिडच्या साखळ्यांना तिरकं व्हावं लागतं आणि त्या जागी पाणीही थोडं आत डोकावतं. कारण प्रथिनाची ती बाजू नेहमीच्या पटलाच्या जाडीला साजेशी नाही. जोडी जुळली की हा पातळ पट्टा उरतच नाही आणि तिथले लिपिड मोकळ्या पटलात जाऊन पूर्वीसारखे सरळ उभे राहतात.

तू सोलापूरची आहेस, तेव्हा गड्ड्याच्या यात्रेतलं चित्र डोळ्यांसमोर आण. संक्रांतीच्या सुमाराला मैदानावर पालं पडलेली आहेत आणि गर्दी इतकी की माणसाला माणूस लागलेला. एका पालाचं कापड पुढच्या बाजूला खूप खाली उतरलंय, चार-साडेचार फुटांवर. गर्दीतल्या कुणाला तरी त्या कापडाखाली उभं राहावंच लागतं, आणि जो कोणी तिथे जातो त्याला वाकावं लागतं. तसंच खाली उतरलेलं दुसरं एक पाल आहे. ही दोन्ही पालं समोरासमोर आणून कापडाला कापड भिडवली, तर मधली वाकून उभं राहायची जागाच संपते. गर्दी मोकळ्या मैदानात सरळ उभी राहते. दोन पालांना एकमेकांबद्दल काहीच ओढ नाही. तरी गर्दीच्या रेट्यात ती वेगळी राहण्यापेक्षा भिडलेली राहणं सोपं.

आता या गर्दीत शाळेची पोरं सोड. ती त्या खाली आलेल्या कापडाखाली मजेत उभी राहतील, वाकायची गरजच नाही. मोठी माणसं आपोआप बाहेरच्या बाजूला राहतील. आता पालं वेगळी राहिली तरी कुणाला त्रास नाही, म्हणजे त्यांना भिडवणारा रेटाही ओसरला.

प्रयोगात त्यांनी हेच केलं. नेहमीच्या लिपिडांच्या साखळ्या १६ आणि १८ कार्बनच्या. त्यांत डोकं तेच ठेवून १२ कार्बनच्या आखूड साखळ्यांचे लिपिड मिसळले. समतोल मोनोमरच्या बाजूला सरकला. प्रथिनाची घडी मोडली नाही, वाहतूक थांबली नाही, फक्त जोडी सैल झाली. संगणकातल्या गणितात दिसलं की आखूड लिपिड मोनोमरच्या त्या उघड्या बाजूला जास्त संख्येने सापडतात, पण एका ठरावीक खोबणीत जाऊन बसत नाहीत. येतात, जातात, जागा बदलतात. तू एन्झाइमच्या तासाला शिकलीस ते कुलूप-किल्लीचं बंधन इथे लावू नकोस. हा द्रावकाचा परिणाम आहे. यूरियासारख्या पदार्थांच्या पाण्यातल्या द्रावणात प्रथिनांची घडी सैल होते, तिथे जो विचार लावतात तोच इथे लिपिडला लावायचा: आखूड लिपिड सुट्या अवस्थेला जास्त मानवतात, म्हणून समतोल सुट्या अवस्थेकडे जातो.

आता आमटीकडे परत ये. तिथे अवघडलं होतं पाणी, इथे अवघडलंय लिपिड. तेलात तेल बुडालेलं असलं तरी सगळं तेल सारखं नसतं. साखळीची लांबी, डोक्याचा आकार, पटलाची जाडी यांचा प्रथिनाच्या प्रत्येक बाजूशी वेगळा हिशेब असतो. तुझ्या प्रश्नाचं माझ्या दृष्टीने उत्तर हे: प्रथिन पाण्यापासून लपत नाही, लिपिडला अवघडवणारी आपली बाजू ते झाकून घेतं.

यात एक खबरदारी घे. यात्रेचं चित्र समजायला सोपं आहे, पण त्यात माणसं थबकून उभी असतात. प्रथिनाच्या कडेचे लिपिड सेकंदाला साधारण एक कोटी वेळा जागा बदलतात. कुठलाही एक रेणू 'वाकून बसलेला' नसतो. ती जागा सरासरीने महाग असते, एवढंच. जुन्या लेखांत प्रथिनाभोवती चिकटून राहिलेल्या लिपिडचं कडं रंगवलेलं असतं, त्यावर जाऊ नकोस.

आणि सगळ्या जोड्यांना हाच नियम लावू नकोस. मला स्वतःला ही कल्पना इतकी आवडते की ती सगळीकडे दिसू लागण्याचा धोका आहे, म्हणून मुद्दाम सांगते. तांबड्या पेशीतलं ग्लायकोफोरिन-ए हे एकच हेलिक्स असलेलं प्रथिन. त्यात दोन ग्लायसिन तीन अमिनो आम्लांच्या अंतराने येतात आणि त्यामुळे दोन हेलिक्स एकमेकांच्या खाचेत घट्ट बसतात. तिथे फटीतल्या तपशिलाला खरंच महत्त्व आहे. तरी त्याच जोडीची ताकद साध्या पीओपीसी लिपिडच्या पटलात आणि जिवाणूच्या खऱ्या पटलासारख्या मिश्रणात बरीच वेगळी निघते. ल्यूटी या अमिनो आम्ल-ट्रान्सपोर्टरमध्ये २०१७ मध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीने दिसलं की कार्डिओलिपिन हे चार साखळ्यांचं लिपिड दोन घटकांना जोडून धरतं. ते काढलं की जोडी सुटते. तिथे लिपिड गर्दी म्हणून नाही, दुवा म्हणून काम करतं. फ्लोराइडची फ्लक वाहिनी आणि औषधं पेशीबाहेर टाकणारं ईएमआरई प्रथिन यांत तर दोन घटक उलट-सुलट उभे असतात आणि मार्ग त्या दोघांचा मिळून बनतो, तिथे एकटेपणाने भागतच नाही. ग्रॅमिसिडिन हे छोटं पेप्टाइड दोन थरांतून टोकाला टोक जोडून वाहिनी बनवतं आणि पटल जाड केलं की ही जोडी लवकर तुटते. जाडीचा परिणाम इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता तुझं जेल. एसडीएस या साबणासारख्या कडक डिटर्जंटच्या जेलवर ग्लायकोफोरिनचा डायमर टिकतो, त्यामुळे एसडीएस जेलवर दिसलं म्हणजे खरं असा समज पसरला. पण एसडीएसमध्ये बऱ्याच पटल-प्रथिनांची घडी मोडते. उकळल्यावर काही प्रथिनं गोळा होऊन खोटे वरचे बँड देतात, आणि पटलात पक्क्या जोडीत राहणारी काही प्रथिनं जेलवर एकटी धावतात. दोन्ही बाजूंनी फसगत. सौम्य डिटर्जंटमध्ये, रेणू आकारानुसार वेगळे करणारा जेल-फिल्ट्रेशन कॉलम चालवलास तरी बेतानेच बोल, कारण डीडीएम या सौम्य डिटर्जंटचं रिकामं मायसेलच, म्हणजे त्याच्या रेणूंचा गोळाच, साधारण ७० किलोडाल्टनचं असतं. प्रथिनाभोवती डिटर्जंटचा असा पट्टा बसला की मोनोमर डायमरच्या जागी बाहेर येतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका कॉलमच्या शिखरावरून डायमर जाहीर केला होता आणि वर्षभराने लाइट स्कॅटरिंगने, म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्यावरून वजन मोजल्यावर, तो मोनोमर निघाला. ते वर्ष वाया गेल्याचं दुःख मला अजून आहे, म्हणून तुला पोटतिडकीने सांगते.

डिटर्जंटमध्ये आणखी एक गोम आहे. पाण्यातल्या प्रथिनाची संहती आपण दर लिटरला मोजतो. इथे लिटरला अर्थ नाही. प्रथिन जिथे राहतं ती जागा म्हणजे मायसेल किंवा पटल, तेव्हा मोजायचं ते दर डिटर्जंट-रेणूमागे किंवा दर लिपिडमागे. ट्यूबमध्ये बफर दुप्पट ओतून 'विरळ केलं, तरी डायमर सुटला नाही' असं निष्कर्षात लिहिलेलं मी पाहिलंय. लायपोसोम, म्हणजे लिपिड पटलाच्या पोकळ गोळ्या, असतील तर बफरने काहीच विरळ होत नाही. पटलात लिपिड वाढवलं तरच प्रथिन विरळ होतं. ग्लुटाराल्डिहाइडसारखा क्रॉसलिंकर वापरणार असशील तर वेळ बदलून बघ, कारण पुरेसा वेळ दिला तर सहज एकमेकांवर आदळलेली प्रथिनंही तो बांधून टाकतो.

पटलातला खरा समतोल मोजायचा तर २०१६ च्या त्या कामातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक घटकावर एक फ्लोरोसंट रंग लावायचा, प्रथिन लायपोसोममध्ये बसवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक लायपोसोम पाहत राहायचं. प्रकाशाने रंग विझतो. एका पायरीत विझला तर एक घटक, दोन पायऱ्यांत विझला तर दोन. ऐकायला सोपं. पण १०० नॅनोमीटर व्यासाच्या लायपोसोममध्ये साधारण एक लाख लिपिड असतात. लाखामागे एक घटक या प्रमाणात प्रथिन घातलं, तर निव्वळ योगायोगाने दोन सुटे घटक एकाच लायपोसोममध्ये सापडणं अगदी नेहमीचं आहे, आणि ते दोन पायऱ्या दाखवतील. जोडी नसताना जोडी दिसेल. म्हणून पॉयसाँ वितरणाचं, म्हणजे निव्वळ योगायोगाने किती घटक एकत्र सापडतील याचं, गणित करावं लागतं, काही घटकांना रंग लागलेलाच नसतो ते धरावं लागतं, लायपोसोमच्या लहान-मोठ्या आकारांची नोंद लागते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दोन खुणेचे दगड: ट्रिप्टोफॅनची पाचर मारलेला, नेहमी एकटा राहणारा मोनोमर, आणि डायसल्फाइड बंधाने कायमचा बांधलेला डायमर. आपलं प्रथिन या दोघांच्या मध्ये कुठे बसतं, ते पाहायचं. हे दोन नियंत्रण-नमुने नसतील तर अशा कुठल्याही आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

तुझ्याकडे एकेक रेणू पाहणारा सूक्ष्मदर्शक नसेल, तरी हताश होऊ नकोस. साध्या फ्लोरिमीटरवर फ्रेट करता येतं, म्हणजे दोन रंग अगदी जवळ आले की एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते ती मोजता येते. काही घटकांना एक रंग, काहींना दुसरा. लायपोसोममध्ये बसव, मग रिकाम्या लायपोसोमबरोबर गोठवून-वितळवून त्यांचं पटल एकत्र कर. प्रथिन खरोखर विरळ होतं. फ्रेट उतरलं तर जोडी सुटतेय. आणि उलट दिशाही बघ: एका रंगाचे आणि दुसऱ्या रंगाचे लायपोसोम वेगवेगळे बनवून एकत्र कर, काही दिवसांत फ्रेट वाढत गेलं तर जोडीदार बदलतायत, म्हणजे समतोल आहे. दोन्ही बाजूंनी येऊन एकाच ठिकाणी पोहोचल्याशिवाय 'समतोल' हा शब्द वापरू नये. गोठवायला द्रव नायट्रोजन लागेल. तो नाही म्हणून काम अडल्याचं तुझ्यासारखी बरीच मुलं सांगतात. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात फिरत असतो, तिथे पुरवठादाराची चौकशी कर. नाहीच जमलं तर ड्राय आइस आणि इथेनॉलने भागतं.

सोलापुरात काम करताना दोन गोष्टींचं भान ठेव. पहिली, तापमान. 'रूम टेम्परेचर' हे शब्द तुझ्या वहीत नकोत. शुद्ध पीओपीई २५ अंशांच्या सुमाराला गोठलेल्या अवस्थेतून द्रव होतं, डीपीपीसी हे दुसरं लिपिड ४१ अंशांना. जानेवारीत पहाटे आणि मे महिन्यात दुपारी आपल्याकडच्या खोलीत या दोन्ही सीमा ओलांडल्या जातात. पंखा बंद, वीज गेलेली, अशा दुपारी ठेवलेला नमुना आणि हिवाळ्यात रात्रभर ठेवलेला नमुना हे दोन वेगळे प्रयोग आहेत. लिपिडचा अवघडलेपणा हाच जर बळाचा उगम, तर तापमानाचा आकडा हा प्रयोगातला मुख्य आकडा ठरतो. थर्मोस्टॅट लावलेलं पाण्याचं भांडं वापर आणि आकडा लिही.

दुसरी, लिपिड शिळं होणं. घरची शेंगाची चटणी उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस उघडी राहिली की खवट लागते. शेंगदाण्याच्या तेलातल्या दुहेरी बंधांना हवेतला ऑक्सिजन लागलेला असतो. तुझ्या बाटलीतल्या पीओपीईमध्येही ओलिक साखळीचा दुहेरी बंध आहे. तिथे ऑक्सिडेशन झालं की काही साखळ्या तुटून आखूड होतात. आता वरचा प्रयोग आठव: आखूड साखळ्या जोडी सैल करतात. म्हणजे खवट लिपिड वापरून तू नकळत तोच प्रयोग करत असशील आणि दोष प्रथिनाच्या म्यूटेशनला देशील. लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये, काचेच्या बाटलीत, वर नायट्रोजन वायू सोडून, उणे २० अंशांना ठेव आणि पातळ-थर क्रोमॅटोग्राफीने अधूनमधून तपास. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये क्लोरोफॉर्म अजिबात नको.

संगणकावरचं काम मात्र तू उद्यापासून सुरू करू शकतेस, त्याला फक्त एक बरा वर्कस्टेशन लागेल. ग्रोनिंगेनच्या मारिंक यांच्या गटाने तयार केलेलं मार्टिनी हे ढोबळ मण्यांचं प्रारूप घे. त्यात काही अणूंचा मिळून एक मणी असतो, त्यामुळे गणित झपाट्याने होतं. पीओपीसीच्या साखळीला चार मणी आणि १२ कार्बनच्या डीएलपीसीला तीन, म्हणजे आखूड-लांब हा भेद त्यात पकडता येतो. बहुतेक जण दोन मोनोमर पटलात सोडून ते जुळतात का ते पाहतात आणि जुळले की आनंदाने थांबतात. तसं करू नकोस. मार्टिनीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रथिनं वाजवीपेक्षा जास्त चिकटतात हे आता सर्वांना माहीत आहे. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते बरंच सुधारलंय, पण नुसतं चिकटलेलं पाहून काही सिद्ध होत नाही.

आधी एकच मोनोमर ठेव. तुझ्या प्रथिनाची रचना डायमर म्हणून नोंदवलेली असेल तर त्यातला एक घटक काढून टाक आणि उरलेल्याला भरपूर वेळ एकट्याने पटलात राहू दे. मग त्याच्याभोवती पटलाची जाडी मोजून नकाशा काढ. ज्या बाजूला जोडीदार बसतो तिथे पटल दबलंय का, लिपिड तिरके झालेत का, पाणी आत येतंय का, ते बघ. तेच डायमरसाठी कर आणि दोन नकाशे शेजारी ठेव. दबलेला पट्टा मोनोमरला असेल आणि डायमरला नसेल, तर १२ कार्बनचे लिपिड मिसळून पुन्हा चालव आणि ते त्या पट्ट्यात गोळा होतात का ते मोज. दबलेला पट्टा दिसलाच नाही, तर तुझ्या प्रथिनाची जोडी दुसऱ्या कारणाने जुळते, आणि तेव्हा कार्डिओलिपिनसारख्या दुव्याकडे किंवा फटीतल्या तपशिलाकडे वळायचं. प्रबंधात जेलचा फोटो लावायला हरकत नाही, त्याखाली 'डिटर्जंटमधली अवस्था' एवढंच लिही. नकाशे तयार झाले की मला पाठव, जोडीदाराची बाजू कुठली ते मात्र चित्रावर खूण करून.